खांदा धरलाय, मान आखडलीय, हातातली ताकद गेलीय. मालीश, हाडवैद्य, फिजिओ... हाताने केलेल्या उपचारांचा खरंच उपयोग होतो का?

घावणवाली (४ जून)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४९, गुहागर तालुक्यात राहते. घरगुती खानावळ आहे, शिवाय घावणे, मोदक, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते. म्हणजे रोजचे सात-आठ नारळ विळीवर खवणं हे वीस वर्षं चालू आहे, सणाला त्याचे तीस होतात. शुगर आहे सहा वर्षं, गोळी चालू आहे. फेब्रुवारीत उजवा खांदा दुखायला लागला, आधी वाटलं झोपेत अवघडला असेल, जाईल, पण जायचं सोडून हळूहळू हात वरच जाईना. आता वेणी घालता येत नाही, मागे हुक लावता येत नाही, फळीवरचा डबा काढायला मुलाला हाक मारते. मान उजव्या बाजूने दगड झालीय. त्यात हातातली ताकद गेल्यासारखी वाटते, कप सुटतो, परवा पेजेचं अख्खं पातेलं सांडलं आणि मी तिथेच बसून रडले, खोटं कशाला सांगू.

करून झालेले उपाय: करंजेल कोमट करून चोळलं. निगुडीच्या पाल्याचा शेक. मग शेजारच्या वाडीतले एक आजोबा हात बसवतात म्हणून गेले, ते म्हणाले शीर चढलीय, आणि असा काही हिसका दिला की दोन रात्री झोप नाही. त्यानंतर एका ठिकाणी फिजिओ, दहा दिवस, रोजचे ३०० रुपये. गरम पिशवी ठेवायची, मशीनच्या चिकट पट्ट्या लावायच्या, वीस मिनिटांनी टिंग वाजलं की घरी. दहा दिवसांत माझ्या खांद्याला माणसाचा हात लागला नाही!

आता मुंबईची बहीण म्हणते की हाताने करतात ती मॅन्युअल थेरपी वेगळी असते, ती घे. मला साधा प्रश्न आहे, हे खरंच चालतं का की आणखी एक पैसे घालवायची वाट? गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी आहेत, त्याच्या आधी हात हलायला हवाय.

रापणकार (४ जून)

गो बाय, माझ्या आवशीचो खांदो असोच धरलेलो. गावातल्या एका म्हाताऱ्यान तेल लावन असो पिळल्यान की तिची बोंब बंदरार ऐकाक इली. दुसऱ्या दिवशी जो थोडो हलत होतो तो पण हलना. तेवा त्या आजोबांका लांबसून नमस्कार कर, परत हात दिव नको.

चाकरमानी (४ जून)

ताई, एवढा विचार करू नका, मसाज गन घ्या ऑनलाइन, दोन-अडीच हजारात चांगली मिळते. मी डोंबिवली-सीएसएमटी उभ्याने करून मान जाम झालेली, रोज दहा मिनिटं फिरवतो, गाठी मोकळ्या होतात. स्नायूत लॅक्टिक अॅसिड साठतं ते बाहेर पडतं असं व्हिडिओत होतं.

शंकेखोर (४ जून)

@चाकरमानी, लॅक्टिक अॅसिडची ही गोष्ट आता निवृत्त करा राव. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट तासाभरात रक्तातून आपोआप निपटलं जातं, त्याला बाहेर काढायला गन लागत नाही. उभ्याने आखडलेल्या मानेत ते महिनोन्महिने दडून बसत नाही. गनने बरं वाटतं हे मान्य, पण कारण ते नव्हे. आणि मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या शिरांवर ती फिरवू नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसांनी तर विचारल्याशिवाय हातातही घेऊ नका.

मूळ प्रश्नाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, माणसाला दुखणं नीट समजावून सांगणं, मसाज, मणक्याची हाताने केलेली हालचाल, हे घेतलंय. आणि नको म्हणून काय सांगितलंय? ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचं मशीन, टेन्सच्या म्हणजे सौम्य विजेच्या चिकट पट्ट्या, कमरेचा पट्टा. म्हणजे आपल्याकडे जे सगळ्यात जास्त विकलं जातं नेमकं तेच. अर्थात हे कंबरेचं झालं, खांद्याचं नव्हे, आणि मसाजच्या बाजूचा पुरावाही भक्कम नाही, फायदा थोडा आणि थोड्या दिवसांचा. मी सगळ्यावरच शंका घेतो, नावच ते आहे.

हातगुण (५ जून)

मी फिजिओ आहे, चिपळूणला १४ वर्षं प्रॅक्टिस. आधी घावणवाली ताईंना काही प्रश्न विचारते, त्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नाही.

हात अगदी सैल सोडा आणि घरच्या कोणाला तरी हळूच वर उचलायला सांगा, तुमचं तुम्हाला जमतं त्यापेक्षा वर जातो का, की तिथेच अडतो? कोपर बरगडीला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा, डाव्याच्या मानाने उजवा किती जातो? हाताला मुंग्या येतात का, आणि येत असल्या तर कुठल्या बोटांना, करंगळीकडे की अंगठ्याकडे? मान वळवली की हातात कळ उतरते का? ताप, वजन उतरणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं असलं काही? आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) किती?

घावणवाली (५ जून)

बापरे, इतके प्रश्न मला त्या दहा दिवसांत कोणी विचारले नाहीत.

नवऱ्याने उचलून बघितला, खांद्याच्या रेषेपर्यंत जेमतेम आला आणि दाराला आतून कडी लावल्यासारखा थांबला. तो बाहेर फिरवायचा प्रकार केला, डावा हात फाटक उघडतं तसा गेला, उजवा जागचा हलला नाही, मलाच धक्का बसला. मुंग्या येतात हो! अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं. पहाटे तीनला जाग येते, हात पलंगाखाली सोडून झटकते मग बरं वाटतं. करंगळीला काही नाही. मान वळवली की ओढ बसते पण कळ हातात येत नाही. बाकी ताप वगैरे काही नाही. सरासरी शुगर ८.९ आलीय मार्चमध्ये. (ओरडू नका.)

हातगुण (५ जून)

ओरडत नाही, पण डॉक्टरांना दाखवा, ८.९ वर खांदा सुटायला जड जातं.

बसल्या जागेवरून निदान करत नाही, तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून मला एकाच हातात दोन वेगळी दुखणी दिसतायत आणि तुम्ही त्यांची एक मोळी बांधलीय.

पहिलं खांद्याचं. दुसऱ्याने उचलला तरी हात तिथेच अडतो आणि बाहेर फिरवणं जवळजवळ बंद, हे फ्रोझन शोल्डरचं वागणं. स्नायू फाटला किंवा दुबळा झाला असता तर तुमचं तुम्हाला उचलता आलं नसतं पण नवऱ्याने उचलल्यावर वर गेला असता. सांध्याभोवती एक पिशवी असते, ती सुजते, मग जाड होऊन आक्रसते. चाळिशी ते साठीतल्या बायकांत जास्त, आणि शुगरवाल्यांत तर कितीतरी जास्त. आधी दुखत दुखत जखडतो, मग दुखणं उतरतं पण जखडलेला राहतो, मग हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही जातात. त्यामुळे गणपतीपर्यंत पूर्ण मोकळा करून देतो असं कोणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

मान दगड का झाली? खांदा हलत नाही म्हणून तुम्ही हात उचलताना अख्खा खांदा कानाकडे उचलता. आरशासमोर करून बघा. मानेपासून खांद्यापर्यंतचा तो स्नायू दोघांचं काम एकटा करतोय. तो थकलाय, त्याला चोळलं की एक दिवस बरं वाटेल, पण खरा गुन्हेगार तो नाही.

आणि कप सुटतो ते बहुतेक खांद्यामुळे नाहीच. अंगठा आणि शेजारची बोटं, रात्री जाग, झटकल्यावर बरं, ही मनगटात नस दाबली जाण्याची लक्षणं, कार्पल टनेल. वीस वर्षं मनगट वाकवून नारळाची वाटी दाबून फिरवणं, वर शुगर. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट लावून झोपा, मेडिकलमध्ये मिळतो. नसेची तपासणी करून घ्या, आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो तो दुसऱ्या हातापेक्षा बसलेला दिसला तर दिवस घालवू नका, ऑर्थोपेडिककडे जा. थायरॉइडही तपासा, त्यानेही हे होतं.

हाताच्या उपचारांवर संध्याकाळी लिहिते, पेशंट आलेत.

आंबेवाला (५ जून)

संध्याकाळ होईपर्यंत माझा किस्सा. देवगडकडे बागा आहेत. तीन वर्षांपूर्वी ऐन हंगामात क्रेट उचलताना कमरेत उसण भरली, तशीच्या तशी, पुढे होता येईना ना मागे. आमच्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावतात, जन्मताना पाय आधी आलेला. आमचा एक चुलतभाऊ पायाळू आहे, त्याने अंगणात मला पालथं घातलं आणि कमरेला पायाने तीनदा शिवलं, तिसऱ्यांदा जरा जोरातच, जुना हिशेब असावा काहीतरी. पण चार दिवसांत बरा झालो हो! गावात त्याचा भाव वाढला.

पुढची गंमत म्हणजे पुढच्या वर्षी परत भरली, तेव्हा हा सुरतला होता. तरीही आठवड्यात बरा झालो.

शंकेखोर (५ जून)

=)) नवी उसण बहुतेकांची दोन-चार आठवड्यांत आपली आपणच उतरते, त्या काळात जो कोणी पाय लावेल तो देव ठरतो. मालीशवाला, बाबा, फिजिओ, सगळ्यांनाच त्याचा फायदा मिळतो.

आंबेवाला (५ जून)

असेल. पण तिसऱ्यांदा भरली ती सहा महिने गेली नाही, ती खरी कथा. नूतन झेला घेऊन दिवसभर माना वर, (आपल्या दापोलीच्या विद्यापीठाने काढलाय तो, देठासकट आंबा निघतो, आंब्याचं भलं झालं, मानेचं कोण बघतो), रात्री क्रेट भरून टेंपोत टाकायचे. पट्टा बांधला, राजापूरच्या उन्हाळ्यावर (गरम पाण्याच्या झऱ्यावर) जाऊन बसलो, तुरळच्या झऱ्यालाही गेलो, पाण्यात असेपर्यंत स्वर्ग आणि येताना गाडीत परत तेच. मग रत्नागिरीच्या एका फिजिओने कमरेवर हाताने काम केलं चार-पाच वेळा आणि लगेच त्याच खोलीत मला दोन किलोचं वजन उचलायला लावलं. मी म्हटलं अहो उचलूनच तर हे झालंय! तर म्हणे म्हणूनच. दोनाचे पाच, पाचाचे दहा करत करत तीन महिन्यांत भरलेला क्रेट. एमआरआयमध्ये गादी सरकलीय म्हणून लिहिलेलं, ती आजही तशीच असेल, मी परत काढलाच नाही.

हातगुण (५ जून, रात्री)

आंबेवाले दादांनी माझं अर्धं काम केलं.

आता हाताने आम्ही नक्की काय करतो. आम्ही आत काही चिकटलेलं फाडत नाही, गाठी फोडत नाही, शीर चढलेली उतरवत नाही, मणका सरकलेला जागेवर बसवत नाही. आमच्यातलेही बरेचजण पेशंटला असं सांगतात कारण ते चट्कन पटतं. ज्याला ट्रिगर पॉइंट म्हणतात तो दाबल्यावर दुसरीकडेच दुखणारा बिंदू, तो जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या डॉक्टरीणबाईंनी गाजवला, १९६१ मध्ये केनेडींच्या व्हाइट हाऊसमध्ये डॉक्टर होत्या त्या. दाबून धरला की कमी होतो हे आम्ही रोज बघतो, पण तिथे नक्की काय असतं यावर अजून भांडणं चालू आहेत. जे घडतं ते बरचसं मज्जासंस्थेत घडतं, मेंदू राखण करत असतो तो पहारा थोडा वेळ ढिला होतो, दुखणं उतरतं, स्नायू सोडून देतो.

खांद्याला आम्ही हाडाचा गोळा त्याच्या खोबणीत हळूहळू खाली-मागे सरकवतो. मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियन फिजिओने याच्या पायऱ्या लावून दिल्यात, पहिली-दुसरी म्हणजे दुखण्याच्या आतल्या आत हलके झोके, तिसरी-चौथी म्हणजे जिथे अडतं तिथपर्यंत. ज्याचा खांदा अजून रात्री झोपू देत नाही त्याला पहिली-दुसरी, दुखणं थंडावलं आणि नुसता जखडलाय त्याला तिसरी-चौथी. त्या आजोबांचा हिसका या शिडीच्या बाहेरचा, तोही ऐन सुजेच्या दिवसांत. म्हणून दोन रात्री गेल्या.

कोणाकडेही जा, एक पारख ठेवा: उपचारानंतर थोडं ठणकलं तर चालतं पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत उतरायला हवं. उतरलं नाही तर जोर जास्त झाला, हे सरळ तोंडावर सांगा. सहन करत बसू नका, आपल्याकडच्या बायका सहन करतात आणि वर ‘चांगलं जोरात केलं हो’ म्हणून कौतुक करतात.

मशीनवाल्याबद्दल: मशीनवर टाकलं की एका वेळी चार पेशंट निघतात, हाताने एकच. खरं कारण हे, बाकी सगळी सजावट.

शंकेखोर (६ जून)

प्रामाणिक प्रतिसाद, आवडला. पण मग पहारा थोडाच वेळ ढिला होणार असेल तर पैसे कशाला द्यायचे?

हातगुण (६ जून)

त्या थोड्या वेळासाठीच. एरवी दुखतंय म्हणून जी हालचाल करता येत नाही ती त्या तासा-दोन तासांत करता येते. ती केलीत तर उद्याची सुरुवात थोडी पुढून होते. नुसते टेबलावरून उठून घरी जाऊन झोपलात तर सगळं पहिल्यासारखं, आणि माझा धंदा मात्र वर्षभर चालेल.

रापणकार (६ जून)

म्हंजे सुकती इली की कालवां काडून घेवची. भरती कोणाक चुकली नाय.

हातगुण (६ जून)

@रापणकार, हे मी आता क्लिनिकमध्ये वापरणार, सांगून ठेवते.

निगुडी (६ जून)

मी वैद्य आहे, म्हणून तेलाची बाजू मांडते. ताईंनी केलेला निगुडीचा शेक चुकीचा नव्हता. अभ्यंग (तेल चोळणं) आणि स्वेदन (शेक देणं) हे उपचार आम्हीही पुढच्या हालचालीची तयारी म्हणूनच बघतो. नारायण तेल, निर्गुंडी तेल, आपल्याकडचं उंडीचं तेल, कोणतंही असो, कोमट हवं आणि हात मायेचा हवा. पण शुगरवाल्यांसाठी हात जोडून सांगते, ज्यांच्या तळपायांची-बोटांची संवेदना कमी झालीय त्यांनी तापलेली वीट, मिठाची पुरचुंडी, गरम पाण्याची पिशवी स्वतःच्या अंदाजाने लावू नका. भाजतं आणि कळत नाही. दुसऱ्याच्या हाताने तपासून मग लावा. मी असे पाय बघितलेत, विसरता येत नाहीत.

साळवी_स्टॉप (७ जून)

थोडं अवांतर होईल पण याच धाग्यावर विचारतो. बाबा ७१, जानेवारीत लकवा मारला, डावी बाजू. आता धरून चालतात, पण डावा हात दुबळा आहे आणि त्याच वेळी मूठ घट्ट मिटलेली, कोपर आकडलेलं. एक मालीशवाला घरी येतो, लकव्याचा स्पेशल म्हणून, तो बोटं जोर लावून सरळ करतो आणि दंडाला धरून वर ओढतो. बाबा ओरडतात. वर मी फ्रोझन शोल्डरचा व्हिडिओ बघून पडवीच्या वाशाला दोरी-कप्पी लावून दिलीय. बरोबर करतोय ना?

हातगुण (७ जून)

कप्पी आजच्या आज काढा, प्लीज.

तुमच्या बाबांचा हात घट्ट आहे तो सांधा आक्रसल्यामुळे नाही, मेंदूकडून येणारा लगाम सुटलाय म्हणून. दुबळेपण आणि घट्टपणा दोन्ही एकाच ठिकाणाहून आलंय. असा स्नायू झटकन ताणला की तो आणखी आवळतो, सावकाश, धीराने ताणला तर सोडतो. आणि खांद्याला धरून ठेवणारे स्नायू लुळे असताना दंडाला धरून ओढलं किंवा कप्पीने वर खेचलं की गोळा खोबणीतून खाली उतरतो, मग जे दुखणं लागतं ते लकव्यापेक्षा जास्त रडवतं. उठवताना काखेत हात घालून किंवा तो हात धरून उठवू नका. बसले असताना हाताखाली उशी.

मालीश हवंच असेल तर हळुवार, पण ताकद मालीशने येत नाही. ताकद येते कामाने. खुर्चीवरून उठणं-बसणं दिवसातून पाच-सहा वेळा, वालाचं बिरडं सोलायला बसवा दोन्ही हात वापरून, अर्धं सांडलं तरी चालेल. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, ते दिवस ओढाओढीत घालवू नका. सिव्हिलला फिजिओ विभाग असतो, तिथे दाखवा.

साळवी_स्टॉप (७ जून)

काढली. मालीशवाल्यालाही नमस्कार सांगितला. आई म्हणते बिरडं सोलायला इतकी वर्षं मी एकटीच होते, लकव्याने निदान एवढं तरी केलं.

चाकरमानी (९ जून)

सलूनमध्ये शेवटी मान कटकन मोडतात ते कसं? मला तर त्याशिवाय दाढी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही.

हातगुण (९ जून)

नको. मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या तिथूनच जातात, अशा झटक्याने त्यांना चीर पडून पक्षाघात झालेले पेशंट आहेत. क्वचित होतं हे खरं, पण पन्नास रुपयांच्या दाढीत एवढं फुकट कशाला घ्यायचं.

भातखाचर (१७ जुलै)

धागा वर काढतोय, कारण लावण्या चालू आहेत. आमच्याकडे एक गडी तीन दिवस लावणी करून घरी गेला, अंग मोडून आलं, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना. घरच्यांनी लावणीचा शीण म्हणून दोन दिवस तेल चोळलं. ताप होता तो ‘भिजल्याचा’ म्हणून सोडून दिला. डोळे लाल झाले तेव्हा दवाखान्यात नेला, लेप्टो निघाला, म्हणजे उंदरांच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप. वेळेत नेला म्हणून वाचला. लोकहो, या दिवसांत ताप आणि पोटऱ्या एकत्र दुखल्या तर मालीश नाही, दवाखाना.

हातगुण (१७ जुलै)

+१०१. हा प्रतिसाद सगळ्यात वर चिकटवायला हवा. आणि एकच पाय सुजला, गरम लागतोय, पोटरी दुखतेय, तर तीही चोळायची नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, चोळून ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. कंबरदुखीत बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर फिजिओची अपॉइंटमेंट घेऊ नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

घावणवाली (२ ऑगस्ट)

सगळ्यांचे आभार, अपडेट द्यायला उशीर झाला, पावसात नेट नसतं.

मनगटात नस दाबली गेलीय हे तपासणीत निघालं, मध्यम आहे म्हणाले, ऑपरेशन आत्ता नको. स्प्लिंट लावून झोपते, पहिल्या दोन रात्री फेकून दिला, तिसऱ्या रात्रीपासून सवय झाली. आता पहाटे तीनची जाग गेली. खांद्यात ऑर्थोच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, शुगर काही दिवस वर जाईल हे आधीच सांगितलेलं, गेली, मग उतरली. त्याने रात्रीचं दुखणं थांबलं. मग एक फिजिओ मुलगी मिळाली, एसटीने पाऊण तास लांब, आठवड्यातून दोनदा जाते. पंचवीस मिनिटं हाताने करते आणि मग वीस मिनिटं मला घाम फोडते. घरी पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडायचा, काठी धरून पंजा बाहेर ढकलायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं. मानेसाठी काहीच वेगळं केलं नाही तरी मान अर्धी सुटली, मला तर कमालच वाटली. आता अर्ध्या किलोची तांदळाची पिशवी सुरू केलीय.

भिंतीवर रोज जिथपर्यंत बोट जातं तिथे पेन्सिलीने खूण करते, तारखेसकट. जूनची खूण माझ्या हनुवटीएवढी, आता डोक्याच्या वर चार बोटं गेलीय. हाताने हिसके नाहीत, बोंब नाही. कधीकधी वाटतं काहीच करत नाहीये ही मुलगी, आणि खूण मात्र वर जाते.

शंकेखोर (२ ऑगस्ट)

अभिनंदन ताई! फक्त इंजेक्शनने किती, मुलीच्या हाताने किती, व्यायामाने किती आणि नुसता काळ गेल्याने किती, हे तुमच्या भिंतीवरून कळणार नाही :)

घावणवाली (२ ऑगस्ट)

नको कळू दे. तुम्ही डबा काढून द्यायला येणार होतात का फळीवरचा?

शंकेखोर (२ ऑगस्ट)

__/\__

रापणकार (३ ऑगस्ट)

मोदकांचा काय झाला ता सांग आदी.

घावणवाली (२० सप्टेंबर)

मोदक झाले. अर्ध्याच ऑर्डरी घेतल्या, त्यातही नारळ खवायला विजेवरचं मशीन आणलं, वीस वर्षं विळीपुढे बसून जे सुचलं नाही ते हात गेल्यावर सुचलं. मी फक्त पाऱ्या केल्या आणि कळ्या पाडल्या, जाऊबाईंनी सारण. बोटांना मुंग्या आल्या दोन दिवस, पण कप एकही सुटला नाही. वेणी घालते आता माझी मी. हुक अजून नाही, त्याला वेळ लागेल म्हणते ती.

एकच घोळ झाला. गणपतीच्या आधी नवऱ्याने घराला रंग काढला, आणि माझ्या सगळ्या खुणांवरून ब्रश फिरवून मोकळा. तीन महिन्यांच्या तारखा गेल्या! दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. आता नव्या रंगावर परत सुरू केल्यात, तो म्हणतो भिंत घाण होते. म्हटलं होऊ दे.

हातगुण (२० सप्टेंबर)

फोटो काढून ठेवत जा हो ताई! आणि आता पिशवी पाऊण किलोची करायला हरकत नाही, तिला विचारून.